खिशातल्या कॅमेऱ्याला झूम हवाच कशाला?

शटरवेडा
दोन वर्षं २४-२०० मिमी झूमचा (रुंद दृश्यापासून लांबचं जवळ आणण्यापर्यंत) कॉम्पॅक्ट वापरला आणि विकून टाकला. आता रिको जीआर ३ आहे. एकच लेन्स, झूम न होणारी, २८ मिमीची, एफ/२.८ (हा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत), वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम. खिशातल्या कॅमेऱ्यात झूम म्हणजे सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चिपच्या) पोटाला चिमटा काढून केलेली चैन, असं माझं ठाम मत झालंय. 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीच असतो (हे नाव ज्याने ठेवलं त्याला साष्टांग दंडवत). जीआरमधला एपीएस-सी मापाचा सेन्सर त्याच्या तिपटीहून मोठा. रात्री टेबललॅम्पच्या उजेडात वाचत बसलेल्या कुणाचा तरी फोटो काढा. जुन्या कॅमेऱ्यात कपाळावरच्या बटा रंग फासल्यासारख्या यायच्या, यात केस न केस सुटा दिसतो.

लांबपल्ला
प्रचंड असहमत! तळ्यापलीकडच्या काठीवर बसलेला खंड्या तुमच्या २८ मिमीत काढून दाखवा. क्रॉप करू (मधलाच भाग कापून घेऊ) म्हणाल, तर २८ वरून २०० च्या चौकटीत येईस्तोवर २४ मेगापिक्सेलमधला अर्धा मेगापिक्सेलही हाती उरत नाही. 'पायांनी झूम करा' हा सल्ला पाण्यात उतरून पाळायचा का?
आणि एक इंची सेन्सरवाल्याच कॅनन जी७एक्स मार्क ३ ची झूम लेन्स एफ/१.८ पासून सुरू होते. तुमच्या २.८ पेक्षा सव्वा स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट).

शटरवेडा
एफ/१.८ एक्स्पोजरपुरतं खरं. नॉइज (फोटोतले दाणे) मात्र सेन्सरवर एकूण किती उजेड पडला त्यावर ठरतो. छोट्या सेन्सरवर १.८ म्हणजे १.८ नव्हे.

आकडेमोड
मग गणित पूर्ण करा की. फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात, सेन्सर जितका लहान तितका गुणक मोठा: एक इंचीचा १.८ गुणिले २.७, म्हणजे एफ/४.९. जीआरचा २.८ गुणिले १.५, म्हणजे ४.२. फरक अर्ध्या स्टॉपहूनही कमी! सेन्सर तिप्पट, पण लेन्सने त्यातलं बरंचसं खाऊन टाकलं. तुमचा जुना २४-२०० वाला बहुधा मुळात एफ/२.८ पासूनच सुरू होत असणार, म्हणजे ७.६. बटा रंगवल्यासारख्या येणारच. तेव्हा 'झूम वाईट' नाही, 'लांब झूम अंधारात वाईट' एवढंच सिद्ध झालं. २०० ला एफ/४.५ म्हणजे हिशेबाने एफ/१२; खंड्या उन्हात बसलाय तोवर मजा आहे.

चपटीलेन्स
दोघंही चुकताय :) छोटा मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या, त्यावर फुजीची २७ मिमी एफ/२.८ पॅनकेक, म्हणजे चपटी लेन्स, लावा. ८४ ग्रॅमची लेन्स, कंटाळा आला की बदला.

शटरवेडा
@चपटीलेन्स, बदलायला दुसरी लेन्स सोबत लागते, म्हणजे पिशवी आली. शिवाय तिथे फ्लॅश साधारण १/२०० - १/२५० सेकंदाहून वेगवान शटरवर सरळ चालत नाही. आमच्या लीफ शटरवर (लेन्समध्येच बसवलेल्या) भर उन्हात चेहऱ्यावर हलका फ्लॅश मारता येतो.
@आकडेमोड, अर्ध्या स्टॉपचं मान्य, बोलणं लागलं. पण झूमची नळी आतबाहेर होताना धूळ आत ओढते, त्याचं काय? माझ्या जुन्यात प्रत्येक आभाळात एकाच जागी काळा ठिपका यायचा, आणि लेन्स निघत नाही म्हटल्यावर पुसणार कसं?

लांबपल्ला
जीआर चालू केल्यावर लेन्स बाहेर येते ना हो?