मदत हवी आहे: भावाचा घटस्फोट पुण्यात, ४९८ सांगलीत. वकील एकच ठेवावा की दोन?

रेवती_नाशिक:

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण कोर्टाची पायरी ज्यांनी स्वतः चढलीय त्यांच्याशिवाय कोणाला विचारावं ते कळत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, आई-बाबा त्याच्याकडे असतात. मी लग्न होऊन बरीच वर्षं नाशकात. भाऊ-वहिनी वर्षाहून जास्त काळ वेगळे राहतायत, ती माहेरी सांगलीला आहे. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली, बोलली, जमलं नाही. शेवटी भावाने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज टाकला. त्याचं समन्स तिकडे पोचलं आणि त्यानंतर सांगलीत पोलिसांत गुन्हा दाखल झाला. नावं चौघांची: भाऊ, आई, बाबा आणि मी. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे विवाहितेच्या छळाचं जुनं ४९८अ, आणि दागिने परत न दिल्याचं ३१६. भावाला आणि मला तपास अधिकाऱ्यांकडून हजर राहण्याची नोटीस आलीय, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची. आई-बाबांना अजून नाही. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि दारात पोलीस उभे राहतील या काळजीने ते रात्र रात्र जागे असतात.

हा धागा वहिनीच्या विरोधात नाही. ती आमच्या घरात राहिलीय, तिचंही काही दुखलं असणार, ते तिने कोर्टात मांडावं. कृपया प्रतिसादांत तिच्याबद्दल वावगं लिहू नका.

माझा प्रश्न वकिलांचा आहे. पुण्यातले वकील कौटुंबिक न्यायालयातलंच काम करतात. घटस्फोटाचा अर्ज त्यांनी मन लावून लिहिला होता, हे मान्यच करायला हवं. पण ४९८ आल्यावर म्हणाले, "तेही मीच बघतो, चौघांचा अटकपूर्व जामीन अर्ज एकदम टाकू, नाहीतर उचलून नेतील." चौघांची मिळून फी सांगितली, तोंडी. नोटिशीचा कागद मात्र अजून त्यांनी नीट वाचलेला नाही. सांगलीला कोण जाणार विचारलं तर म्हणाले, ज्युनिअर जाईल. फोन उचलत नाहीत, तारखेच्या आदल्या रात्री मेसेज येतो. दुसरीकडे सांगलीतल्या एका वकिलांचं नाव कळलंय, ते फक्त फौजदारी चालवतात. पण मामा म्हणतो, तिथला वकील तिथल्या माणसांना सामील होईल.

ज्यांनी असे दोन्ही खटले एकाच वेळी चालवलेत त्यांनी सांगा: वकील एक ठेवला की दोन? वकील खरंच काम करतोय हे अशिलाने ओळखायचं कसं? फीचं काय ठरवून घ्यावं? वकिलांची नावं इथे नकोत, द्यायचीच तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मला तुमच्या वकिलाने नेमकं काय केलं आणि काय केलं नाही, ते ऐकायचंय.

कृष्णाकाठ:

रेवतीताई, मी यातून गेलोय. माझा घटस्फोट पुण्यात, गुन्हा साताऱ्यात. माझं उत्तर: दोन वकील, आणि फौजदारीचा तिथलाच.

कारण सांगतो. कौटुंबिक न्यायालयाचं काम वेगळ्या चालीने होतं. तिथे समुपदेशकाकडे पाठवतात, तडजोड होते का ते आधी बघतात, सगळं लेखी अर्ज आणि प्रतिज्ञापत्रांवर चालतं. फौजदारीत पहिले काही दिवस महत्त्वाचे. ठाण्यात जबाबाला जाताना काय न्यायचं, तपास अधिकारी कोणते कागद मागेल, सत्र न्यायालयात सरकारी वकील कशावर बोट ठेवतात, हे रोज तिथे उभं राहणाऱ्यालाच माहीत असतं. मामांची भीती समजते, पण माझ्या साताऱ्याच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मुलीकडच्यांची आडनावं सांगा, माझं कोणाशी नातं किंवा जुनं काम निघालं तर मी घेणार नाही." तुम्हीही हे स्पष्ट विचारा. उत्तर देताना माणूस कसा बोलतो त्यावरून बरंच कळतं.

आता 'उचलून नेतील'बद्दल. २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल नेमका ४९८च्याच प्रकरणातला आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, अटक का हवी त्याची कारणं नोंदवायची, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. तुम्हाला आलीय ती तीच. ८५ ला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत. नोटिशीप्रमाणे हजर राहून सहकार्य केलं तर त्या गुन्ह्यात अटक करायला पोलिसांना वेगळं कारण लेखी द्यावं लागतं. अटकपूर्व जामीन नकोच असं मी म्हणत नाही. ज्यांना नोटीस आलेली नाही त्या आई-बाबांसाठी तो कदाचित आधी लागेल. पण चौघांचं चित्र एक नाही, आणि कागद न वाचता चौघांची फी सांगणारा वकील तुमच्या भीतीची फी घेतोय, असं मला वाटतं. नोटिशीच्या तारखेला जा, जमत नसेल तर लेखी कळवून पोच घ्या. ती तारीख चुकवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन वकील ठेवलेत तर दोघांना एकमेकांचे कागद दाखवा. माझ्या घटस्फोटाच्या अर्जात पुण्याच्या वकिलांनी लिहिलं होतं की बायको दागिने घेऊन गेली. जामीन अर्जात साताऱ्याच्या वकिलांनी लिहिलं की दागिने बँकेच्या लॉकरमध्ये सुरक्षित आहेत, कधीही परत द्यायला तयार. दोघांनी आपापल्या जागी नेहमीचं वाक्य टाकलं होतं. समोरच्या वकिलांनी दोन्ही कागद न्यायाधीशांपुढे शेजारी शेजारी ठेवले. जामीन झाला, पण त्यानंतर माझ्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघितलं गेलं. मसुदा दाखल होण्याआधी भावाने स्वतः ओळ न् ओळ वाचावी, 'सही करा, नंतर वाचा' हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नये.

मनीषा_के:

मी पलीकडची बाजू आहे, माझ्या नवऱ्यावर मी तक्रार केली होती. तरीही लिहितेय, कारण तुम्ही वहिनीबद्दल ज्या भाषेत लिहिलंत ती मला माझ्या सासरकडून कधी ऐकायला मिळाली नाही.

माझे पहिले वकील खाजगी होते. मुलीला घेऊन मी भावाकडे राहत होते, पैशांची ओढाताण होती, पण अंतरिम पोटगीचा अर्ज टाकायचा असतो हे त्यांनी सांगितलंच नाही. मला ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कळलं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तिथून मिळालेल्या वकीलबाई तरुण होत्या, नाव मोठं नव्हतं, पण प्रत्येक तारखेनंतर कॉरिडॉरमध्ये उभं करून आज काय झालं ते समजावायच्या. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, हे मला तरी खोटं ठरलेलं दिसलं. तुमच्या आईला आणि तुम्हालाही ही सोय लागू होते, एवढं लक्षात ठेवा.

दोन गोष्टी भावाला नक्की सांगा. पहिली, पोटगीचा विषय निघाला की दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २०२० च्या रजनेश-नेहा निकालापासून हे बंधनकारक आहे. त्या वेळी 'पगार कमी दाखवू, एफडी आईच्या नावावर करू' असं सुचवणारे वकील भेटतात. माझ्या नवऱ्याला भेटले होते. बँकेचं स्टेटमेंट आलं आणि सगळं उघडं पडलं. असं सुचवलं तर तो वकील त्याच दिवशी सोडा. दुसरी, तिचं जे काही घरात आहे, दागिने, कागदपत्रं, पदवीची प्रमाणपत्रं, साड्यासुद्धा, त्याची यादी करा आणि वकिलामार्फत रीतसर, पोच घेऊन परत करा. ३१६ साठी ते चांगलंच, पण मुळात त्या वस्तू तिच्या आहेत. मला माझी दहावी-बारावीची प्रमाणपत्रं मागायला अर्ज करावा लागला होता, त्याचा राग सोन्यापेक्षा जास्त होता.

तडजोडीचं दार उघडं ठेवणारा वकील बघा. आमचं शेवटी संमतीने झालं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर. २०१७ च्या निकालानंतर ते अंतर परिस्थिती बघून न्यायालय माफ करू शकतं, आम्हाला केलं. समुपदेशकाच्या खोलीत वकील येत नाहीत. तिथे तुमचा भाऊ आणि तुमची वहिनी दोघंच असतील. वकिलाने पढवलेलं बोलायला जाऊ नये त्याने.

दिवाणी_फौजदारी:

मी वकील नाही. बावीस-तेवीसाव्या वर्षापासून वकिलांच्या ऑफिसात कारकुनी केली, आता सोडली. 'वकील काम करतोय हे ओळखायचं कसं' याचं उत्तर देतो.

ई-कोर्ट्सचं ॲप मोबाइलवर घ्या. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो वकिलांकडून मागून घ्या. पुढची तारीख, मॅटर कुठल्या टप्प्यावर आहे, मागच्या वेळी काय झालं, बहुतेक सगळं दिसतं. तारखेच्या आदल्या रात्रीच्या मेसेजवर राहू नका. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायची सवय लावा. त्यात 'अर्जदारातर्फे मुदतीचा अर्ज' असं पुन्हा पुन्हा दिसलं तर वकिलांना विचारा की मुदत कशासाठी मागितली. चांगला वकील या प्रश्नाने रागावत नाही. दाखल झालेल्या प्रत्येक अर्जाची, म्हणण्याची (लेखी उत्तराची), आदेशाची प्रत घरी फाइलला लावा. जुने अशील पिशवीतून सगळे कागद घेऊन यायचे, आम्ही त्यांना हसायचो नाही, उलट त्यांचं काम सोपं जायचं.

फी टप्प्याने ठरवा: अटकपूर्वची वेगळी, दोषारोपपत्रानंतरची वेगळी, उलटतपासाची वेगळी. बाहेरगावचा वकील नेणार असाल तर प्रवास आणि ज्युनिअरचे पैसे त्यात आहेत का ते विचारा. वकीलपत्रावर सही करण्याआधी एक साधा ईमेल टाका: अमुक कामाची अमुक फी ठरली, युक्तिवादाला आपण स्वतः उभे राहणार. 'मिळणाऱ्या रकमेत इतके टक्के' असं कोणी म्हणालं तर उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. जाहिरातीलाही मनाई आहे, त्यामुळे इंटरनेटवरच्या 'उत्तम दहा वकील' छापाच्या याद्यांवर जाऊ नका. त्यापेक्षा सांगलीच्या सत्र न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर बसा. जामिनाचा बोर्ड (त्या दिवशीच्या जामीन अर्जांची यादी) चालू असताना कोण कागद वाचून आलंय ते दहा मिनिटांत कळतं.

वकील बदलायचा तुम्हाला हक्क आहे. आधी सभ्यपणे राहिलेली फी देऊन ना हरकत घ्या. फी बाकी आहे म्हणून वकील तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलंय. फीसाठी त्याने वेगळा दावा करावा. ग्राहक मंचात मात्र वकिलाविरुद्ध जाता येत नाही, २०२४ च्या मे महिन्यात तो रस्ता बंद झाला. गैरवर्तन असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. पण फोन न उचलणं एवढ्यावर तिथे जाऊ नका, तिथे कागद लागतो.

रेवती_नाशिक:

सगळ्यांचे मनापासून आभार. मनीषाताई, तुमचा प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवला. यादी करायला आईने कालच सुरुवात केली. वहिनीची एमएची मार्कशीट खरंच आमच्या कपाटात निघाली.

भाऊ आणि मी सांगलीच्या वकिलांना भेटून आलो. त्यांनी आधी एफआयआर आणि दोन्ही नोटिसा वाचल्या, मग बोलायला लागले. आई-बाबांसाठी अटकपूर्व टाकायचा, आम्ही दोघांनी नोटिशीप्रमाणे हजर राहायचं, तेही सोबत येणार. नातं किंवा जुनं काम नसल्याचं विचारल्याबरोबर सांगितलं. फी टप्प्याने, लिहून दिली. पुण्याच्या वकिलांना भावाने सांगितलं की घटस्फोट तुमच्याकडेच, फौजदारी तिकडे. जरा नाराज झाले, पण अर्जाचा मसुदा सांगलीला पाठवायला तयार झाले.

आता एकच राहिलं. एफआयआरमध्ये माझ्याबद्दल 'नणंद फोनवरून त्रास द्यायची' एवढं एकच वाक्य आहे, तारीख नाही, प्रसंग नाही. वकील म्हणतात, माझ्यापुरता गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जाता येईल, पण घाई करायची का ते मी ठरवायचं. कोणी असं केलंय का?

कृष्णाकाठ:

माझ्या बहिणीने केलंय. तिच्या वेळी मुंबईला जावं लागलं होतं. सांगलीच्या गुन्ह्यासाठी तुम्हाला आता तेवढं लांब जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली त्याच्या हद्दीत येतं. अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली होतो. लांब राहणाऱ्या नातेवाइकांची नावं नेमका आरोप नसताना गोवली असतील तर न्यायालय दखल घेतं, २०२४ च्या डिसेंबरमधला दारा लक्ष्मी नारायण निकाल तुमच्या वकिलांना माहीत असेलच.

पण दोन गोष्टी त्यांच्याशी बोला. अर्ज फक्त तुमचा असू द्या, भावाचं नाव त्यात जोडू नका. त्याच्यावरचे आरोप वेगळे आहेत, एकत्र केलं तर तुमचा साधा मुद्दा त्यात बुडतो. दुसरं, पुण्यात समुपदेशन सुरू होणार असेल तर थोडं थांबायचं का ते विचारा. संमतीने मिटलं तर अटी-शर्तींतच लिहून घेता येतं की वहिनी उच्च न्यायालयात येऊन गुन्हा रद्द करायला संमती देतील, मग चौघांचं एकदमच होतं. आमच्याकडे बहिणीचा अर्ज आधी झाला आणि माझं नंतर अटींमधून मिटलं, त्यामुळे खर्च दोनदा झाला. तुमच्या पासपोर्टचं किंवा नोकरीतल्या चारित्र्य पडताळणीचं काही अडत असेल तर मात्र थांबू नका. तसं आहे का?