तुकडे स्ट्रिंगला जोडण्याबद्दल

नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचताना 'डेटा' इव्हेंटला येणारा प्रत्येक तुकडा += करून स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराला, जोडला की झालं, असा सल्ला दिला जातो. इंग्रजी मजकुराला ते चालतं, आणि म्हणूनच चूक लपून राहते. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, काना-मात्रासुद्धा. फाइल स्ट्रीम (फाइल तुकड्यांनी वाचून देणारी सोय) सहसा एका वेळी ६५,५३६ बाइट देतो, त्या आकड्याला ३ ने भाग जात नाही. मग एखादं अक्षर नेमकं दोन तुकड्यांच्या सीमेवर फुटतं, += बफरची (कच्च्या बाइटच्या तुकड्याची) लगेच स्ट्रिंग करतं आणि तिथे � ही न वाचता आलेल्या अक्षराची खूण उमटते. मूळ बाइट कायमचे जातात.

गावांच्या नावांची मोठी यादी वाचताना माझे दोन दिवस यात गेले. लहान चाचणी फाइल एकाच तुकड्यात यायची, त्यामुळे तिथे सगळं नीट दिसायचं! तुकडे ॲरेमध्ये साठवा आणि शेवटी बफर.कॉन्कॅटने ते जोडून एकदाच स्ट्रिंग करा. फाइल फारच मोठी असेल तर सुरुवातीलाच सेटएन्कोडिंग('यूटीएफ८') लावा. मग अर्धवट अक्षराचे बाइट स्ट्रीम पुढचा तुकडा येईपर्यंत राखून ठेवतो. पायथनवाल्यांनी सॉकेटवरून (नेटवर्क जोडणीवरून) वाचताना आलेले बाइट बाइटॲरेत भरत राहावं, डिकोड, म्हणजे बाइटचा मजकूर करणं, शेवटी.