हॉलमध्ये डच चित्रकार व्हर्मीरचं ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ हे चित्र लावायचंय, भिंत कुठली घेऊ?

राजारामपुरीकर: माॅरित्सहाऊस या हॉलंडातल्या म्युझियमच्या साइटवरनं मोठी फाइल मिळाली, कॅनव्हास प्रिंट काढणाराय. पण सोफ्यामागची भिंत पश्चिमेची, पावसाळ्यात ओल धरते. दुकानदार म्हणतोय तीन फुटी काढा, सोनेरी फ्रेम घाला. आई म्हणते आजोबांच्या फोटोशेजारी अनोळखी बाई कशाला.

रंगरेषा: तीन फुटी अजिबात नको! मूळ चित्रच 44.5 बाय 39 सेंमी आहे, म्हणजे साधारण साडेसतरा बाय साडेपंधरा इंच, जवळ जाऊन बघायचं काम आहे ते. तो मोती नीट बघा, वर डावीकडं पांढऱ्या रंगाचा एक फटकारा, खाली कॉलरचा पुसट उजेड, बास, अडकवायची कडीसुद्धा काढलेली नाही आणि तरी डोळ्याला अख्खा मोती दिसतो. मोठं केलं की ही जादूच जाते. आणि चेहऱ्यावर उजेड डावीकडनं पडलाय, तर चित्रासमोर उभारल्यावर खिडकी आपल्या डाव्या हाताला येईल अशी भिंत धरा.

फ्रेमवाला_मंगळवारपेठ: पश्चिमेची भिंत नकोच ओ, आपल्याकडच्या पावसात कॅनव्हासला मागनं बुरशी धरते. आतली भिंत घ्या, आणि फ्रेमच्या मागं खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहते. काच घालू नका, मागचा भाग काळा असल्यानं समोरची ट्यूब अन् टीव्हीच दिसंल त्यात. सोनेरीपेक्षा काळी लाकडी पट्टी, त्या काळी हॉलंडात एबनी लाकडाच्या काळ्या फ्रेमा लई चालायच्या.

कोटीतीर्थ: आईंना सांगा, हे कुणा ठरावीक बाईचं पोर्ट्रेट नाहीच. 1665 च्या सुमाराचं आहे, डच चित्रकार असे चेहरे निव्वळ चेहऱ्यासाठी काढायचे, ट्रोनी म्हणतात त्याला. आणि बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात घरात चांगलं पेंटिंग हवंच की. भिंत रंगवणार असाल तर गडद हिरवा बघा, 2018 ला मूळ चित्र तपासलं तेव्हा कळलं की मागं हिरवा पडदा रंगवलेला होता, रंग उडून आता काळं दिसतंय.

राजारामपुरीकर: स्वैपाकघराकडची भिंत बसतीय, खिडकी बरोबर डावीकडं येते. आईला वाचून दाखवलं, लाव म्हणाली. उंची किती ठेवू?

रंगरेषा: चित्राचा मध्य जमिनीपासनं पावणेपाच फुटांवर. सोफ्यावर बसूनच बघणार असाल तर अर्धा फूट खाली घ्या, त्याहून वर नको.