तिसऱ्या मजल्यावरचे ज्येष्ठ: गावाबाहेर वसाहत की आहे तिथेच लिफ्ट?

सत्तावन्न पायऱ्या:
दोन दिवस जो लेख फिरतोय तो या चर्चामंचावरही येऊन पडलाच. म्हणणं थोडक्यात असं: शहरातल्या बिनलिफ्टच्या इमारतींमधल्या ज्येष्ठांनी फ्लॅट विकावेत, सरकारने शहराबाहेर स्वस्त जमिनीवर त्यांच्यासाठी वसाहती बांधाव्यात. ज्येष्ठांची 'सोय' होईल आणि शहरातली घरं तरुणांना 'मोकळी' होतील.

मोकळी होतील! जणू म्हातारी माणसं म्हणजे माळ्यावरचं सामान.

पुणे, ठाणे, डोंबिवली, कुठेही सत्तर-ऐंशीच्या दशकातली तळ अधिक तीन मजली इमारत घ्या. मजल्याची उंची जेमतेम ३ मीटर, पायरी १६५ ते १७५ मिमी, म्हणजे मजल्याला १८ पायऱ्या. तीन मजल्यांच्या ५४ आणि जोत्याच्या ३, झाल्या ५७. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस आठवड्यातून एकदा उतरतो, डायलिसिसवाल्याला तीनदा उतरावं लागतं आणि तीनदा चढावं लागतं. त्याला घर नाही असं नाही. घर आहे, कर्ज फिटलेलं आहे. त्याच्यासाठी परवडणारं घर म्हणजे तेच घर, फक्त रस्त्यापासून पोचता येईल असं. म्हणून आहे तिथेच लिफ्ट बसवा.

लिफ्ट होईपर्यंत या आठवड्यात करता येईल असं सांगतो. जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा लावा: ४० मिमी जाडीचा गोल पाइप, भिंतीपासून ५० मिमी सुटा, पायरीपासून ८५० ते ९०० मिमी उंच, आणि शेवटच्या पायरीपुढे ३०० मिमी नेलेला. तो पायरीसोबत संपवला की तोल नेमका तिथेच जातो. पायऱ्यांच्या कडेला पिवळी खरखरीत पट्टी, जिन्याच्या प्रत्येक चौकात (वळणावरच्या सपाट जागेत) घडीची खुर्ची. घरात बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा. आत पडलेला माणूस दारालाच अडकतो आणि मग दार फोडावं लागतं.

मोकळी हवा:
लेख मी लिहिलेला नाही, पण बाजू घेतो. तुमच्या त्या इमारतीत बाथरूमचं दार ६०० मिमी. साधी व्हीलचेअर ६५० ते ७०० मिमी रुंद असते. ती वळवायला १५०० मिमीचं वर्तुळ लागतं आणि संडासच मुळात ९०० बाय १२००. पट्ट्या चिकटवून हे कसं सुटणार? महारेराने (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) मे २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी निकष काढले: दारं ९०० मिमी, घसरडी नसलेली फरशी, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट. हे नव्या बांधकामातच होतं. जुन्यात जे होतं त्याला डागडुजी म्हणतात.

सत्तावन्न पायऱ्या:
निकष चांगलेच आहेत. पण ते कुणाला लागू? जो बिल्डर 'ज्येष्ठांसाठी' म्हणून प्रकल्प विकतो त्याला. बाकीच्या नव्या इमारतींत आजही पार्किंगमधून तीन पायऱ्या चढल्यावर लिफ्ट येते. त्या तीन पायऱ्या कोण आणि कशासाठी ठेवतो, हे कोडं आहे.

ओळंबा:
कोडं नाही. पार्किंगचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जाऊ नये म्हणून लॉबी ४५० मिमी उचलतात. हेतू बरोबर, पण उतार द्यायला विसरतात. एकास बारा (एक उंचीला बारा लांबी) धरला तर ४५० मिमीला ५.४ मीटर रॅम्प लागतो, वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा वेगळी. एवढ्या जागेत एक गाडी बसते आणि गाडीचे पैसे मिळतात. मग नकाशात रॅम्प असतो आणि जागेवर एकास पाच-सहाची घसरगुंडी. त्यावरून माणूस बसलेली व्हीलचेअर ढकलून दाखवा.

आता लिफ्टबद्दल, कारण वर 'लिफ्ट बसवा' असं ठोकून दिलंय. जुन्या इमारतीत डक्टला (लिफ्टच्या उभ्या पोकळीला) जागा नसते, म्हणून बाहेरून लोखंडी सांगाडा उभारतात. जिना बाहेरच्या भिंतीला असेल तर त्या भिंतीवर मजल्याची पातळी नसतेच, अर्ध्यावरचा चौक असतो. लिफ्टचं दार तिथे उघडतं. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्याने अडीचवर उतरायचं आणि ९ पायऱ्या चढायच्या, किंवा साडेतीनचा चौक असला तर उतरायच्या. काठीवाल्याला चालतं, व्हीलचेअरला नाही. लाखो रुपये घालून ९ पायऱ्या शिल्लक. हे कोटेशनमध्ये कुणी सांगत नाही, नकाशात 'स्टॉप: ४' एवढंच असतं. बाल्कनीतून किंवा पॅसेजच्या टोकाकडून दार काढता येतं का, ते आधी बघा.

दुसरं, सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो, आतून ११०० बाय १००० मिमी. व्हीलचेअरची लांबीच १०५० ते ११००. ती तिरकी घुसवली तर सोबतचा माणूस बाहेर. किमान आठ माणसांची घ्या, १३०० बाय ११००. आणि वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं बॅटरीचं यंत्र वगळून पैसे वाचवू नका.

तळमजला पश्चिम:
सगळे लिफ्ट बसवायला निघालात, सांगाडा कुठे उभा राहणार ते कुणी बोलत नाही. तळमजल्याच्या खिडकीसमोर! सव्वा-दीड मीटर खोल खड्डा तळमजल्याच्या भिंतीलगत, कधी कधी पायाच्या फुटिंगला लागून. स्वयंपाकघरात दुपारी दिवा लावायचा, वर मोटरचा आवाज, आणि वर्गणी मात्र सर्वांना समान. लिफ्ट झाल्यावर वरच्यांच्या फ्लॅटचा भाव वाढतो आणि तळमजल्याचा 'पायऱ्या नाहीत' हा एकमेव भाव संपतो. याला ज्येष्ठांची सेवा म्हणायचं?

खजिनदार:
सोसायट्यांचे आदर्श उपविधी (नियमावली) वाचा. लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी समान द्यायचा, वापर करो वा न करो. यात तळमजला अपवाद नाही.

तळमजला पश्चिम:
'देखभालीचा आणि चालवण्याचा.' बसवण्याचा कुठे लिहिलाय? खजिनदार मंडळींना अर्धंच वाक्य पाठ असतं.

खजिनदार:
सर्वसाधारण सभेने ठराव केला की झालं. बहुमत ते बहुमत.

ओळंबा:
झालं काय? सभेचा ठराव ही पहिली पायरी. आर्किटेक्टचा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, पालिकेची मंजुरी (बाजूच्या मोकळ्या जागेत सांगाडा येतो, म्हणजे सामासिक अंतराचा प्रश्न), मग लिफ्ट निरीक्षकाकडून बसवण्याची परवानगी आणि बसवल्यावर तपासणी होऊन चालवण्याचा परवाना. अडतं कुठे? पालिका जमिनीच्या मालकीचे कागद मागते आणि कन्व्हेयन्सच, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणंच, झालेलं नसतं. मिळकत पत्रिकेवर आजही मूळ मालक किंवा बिल्डर. आधी मानीव अभिहस्तांतरण करा (बिल्डर आला नाही तरी सरकारी आदेशाने होणारं कन्व्हेयन्स), मग लिफ्टचं बोला.

उंबरठा:
पैशांचं विचारते. सिंकिंग फंड काय शोभेला आहे?

खजिनदार:
ताई, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्च म्हणजे तेव्हाचा. १९८५ साली फ्लॅटला दीड लाख धरा, तर वर्षाला ३७५ रुपये. बारा फ्लॅटचे ४,५००. दर वाढवलाच नाही तर चाळीस वर्षांत मुद्दल १ लाख ८० हजार. आणि तो वापरायचा पुनर्बांधणीला, मोठ्या दुरुस्तीला, किंवा इमारत मजबूत करण्यासाठी आर्किटेक्टला आवश्यक वाटलेल्या बदलांना. लिफ्टने इमारत मजबूत होत नाही, उलट भार येतो. लेखापरीक्षक शेरा मारणारच.

तळमजला पश्चिम:
घ्या. फंडात पैसे नाहीत, म्हणून तळमजल्याच्या खिशात हात.

सत्तावन्न पायऱ्या:
हिशेब मांडू या, नाहीतर हा धागा खिडकीतच अडकेल. बारा फ्लॅट, मजल्यावर तीन, हिशेबापुरता एकूण खर्च २० लाख. समान वाटणी केली तर प्रत्येकी १,६६,६६७. मजल्यानुसार शून्य-एक-दोन-तीन भाग केले तर एकूण १८ भाग: पहिला १,११,१११, दुसरा २,२२,२२२, तिसरा ३,३३,३३३. एक-दोन-तीन-चार केले तर ३० भाग: तळ ६६,६६७, पहिला १,३३,३३३, दुसरा २ लाख, तिसरा २,६६,६६७. तळमजल्यावरचा गच्चीवर जातो, टाकी बघायला प्लंबर पाठवतो. शून्य कसा?

तळमजला पश्चिम:
गच्चीच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली तिसऱ्या मजल्यावर असते. ६६ हजार रुपये किल्ली मागायला जायचे का?

उंबरठा:
अहो तळमजला, तुमचं तत्त्व लावलं तर तळमजल्याची तुंबलेली ड्रेनेज लाइन वरच्यांनी कशाला दुरुस्त करायची?

तळमजला पश्चिम:
कारण तुंबवलेली वरच्यांनी असते!! सॅनिटरी पॅड, डाळ-तांदूळ, ओलं सिमेंट, सगळं वरून येतं आणि बाहेर पडतं खालच्या मोरीतून. हे विधान मागे घ्या.

चाळकरी:
मालकांचं भांडण झालं असेल तर थोडं भाडेकरूंकडे बघा. इथे प्रत्येकाकडे विकायला, वाटायला, अदलाबदलीला फ्लॅट आहे. सत्तरीचा भाडेकरू दर ११ महिन्यांनी घर बदलतो, दरवेळी एक महिन्याची दलाली. मालक लिव्ह अँड लायसन्स करायला बिचकतो: उद्या यांना काही झालं तर कोण, ही कटकट नको म्हणून. पंतप्रधान आवास योजनेच्या नियमांत तळमजला किंवा खालचे मजले देताना ज्येष्ठ आणि दिव्यांग असलेल्या कुटुंबांना प्राधान्य आहे, पण ते मालकी घराला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम, सुरुवातीला दीडशे निराधारांची सोय, असं लिहिलंय. क्रियापद मात्र 'करू शकेल'. फ्लॅट आणि वृद्धाश्रम यांच्या मधलं, म्हणजे सरकारी भाड्याची एक खोली, संडास आत, लिफ्टवाली, हे ज्येष्ठांसाठी वेगळं असं कुठे दिसत नाही. त्यासाठी वसाहत लागलीच तर बांधा, पण बस डेपोच्या आणि सरकारी दवाखान्याच्या शेजारी.

मोकळी हवा:
म्हणजे वसाहत हवीच. धन्यवाद.

चाळकरी:
शहरात. तुम्ही बाजू घेता त्या लेखात ती डोंगरामागे आहे. आधी रिक्षा पोचू द्या, मग धन्यवाद.

पाचवा एफएसआय:
एवढी चर्चा कशाला? पुनर्विकास करा. २०१९ पासून ५१ टक्के संमती पुरते. फुकट नवं घर, लिफ्ट, सगळं.

उंबरठा:
'फुकट' म्हणे. बिल्डर भाडं चौरस फुटाने देतो. चार सोसायट्या एकाच वेळी रिकाम्या झाल्या की त्या वॉर्डातलं भाडं चढतं आणि त्या रकमेत मिळतो पुन्हा बिनलिफ्टचा तिसरा मजला. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ च्या निर्देशांत दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत काम पुरं करायचं आणि प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्यायची असं आहे. किती सोसायट्या ती गॅरंटी खरोखर घेतात? अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला 'तीन वर्षं फक्त' म्हणताना जरा तोंडाकडे बघावं. आणि परत आल्यावर दोन लिफ्ट, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक. देखभाल महिना ७,५०० च्या वर गेली आणि सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे असली की १८ टक्के जीएसटी. पेन्शन तेवढीच राहते.

ओळंबा:
पुनर्विकास करणाऱ्यांनी करारातच लिहून घ्यावं: बाथरूमचं दार ८०० ते ९०० मिमी आणि बाहेर उघडणारं, उंबरा नाही, संडासाच्या बाजूची भिंत विटेची किंवा आरसीसी. हलक्या ब्लॉकच्या ४ इंची भिंतीत साधा फास्टनर मारलेला आधाराचा दांडा वजन आलं की प्लास्टरसकट हातात येतो. आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी लागते. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारे लोक असेच पडतात.

सत्तावन्न पायऱ्या:
एक उपाय कुणीच घेत नाही. त्याच इमारतीत तळमजल्यावर तरुण जोडपं आणि तिसऱ्यावर ज्येष्ठ असतील तर अदलाबदल. अडवतं कोण? मुद्रांक शुल्क. अदलाबदलीला ज्या मालमत्तेची किंमत जास्त, तिच्यावर खरेदीखतासारखंच शुल्क. पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटला ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. घरं तीच, माणसं तीच, आणि सरकारला जवळजवळ सहा लाख. सत्तरीच्या पुढच्यांना एकाच सोसायटीतली अदलाबदल नाममात्र शुल्कात करू द्या. ना जमीन लागते, ना सिमेंट.

मोकळी हवा:
हे मात्र पटलं. नाइलाजाने.

पाचवा एफएसआय:
आणि तळमजल्यावरचा सोडेल का तळमजला? इथले एक सभासद खिडकीसुद्धा सोडत नाहीत.

तळमजला पश्चिम:
खिडकी सोडायला ती समोर उरायला तर हवी. ठीक आहे, महानुभावांनो. वर्गणी शून्य नको, एक भाग देऊ, ६६ हजार, पण भाव वाढल्याचा फायदा घेणाऱ्यांनी तळमजल्याच्या पायाची तपासणी स्वतःच्या खर्चाने करायची, आणि सांगाडा काचेचा, पत्र्याचा नाही. हे इतिवृत्तात लिहा, 'तोंडी ठरलं' चालणार नाही.

खजिनदार:
काचेचा म्हणजे खर्च वाढला. पुन्हा सभा.

ओळंबा:
सभेआधी एक मोजा. खिडकीच्या कडेपासून जिन्याच्या भिंतीपर्यंत किती मिमी? सव्वादोन मीटर भरलं तर सांगाडा सरकवता येईल आणि काचही लागणार नाही.

तळमजला पश्चिम:
टेप वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली टाका.