महापौर कोण होणार? (सोसायटी ग्रुप, २२ जानेवारी २०२६)

ए-२०१: सोडत निघाली. मुंबईचं महापौरपद खुला प्रवर्ग महिला. आत्ताच टीव्हीवर दाखवलं, पुण्याला पण तेच आलंय

बी-७०४: अरे वा. मग मतदान परत कधी आहे? आमची धाकटी बाहेरगावी आहे, तिला तिकीट काढायला सांगते

सी-५०३: नाही ताई, आता आपलं मतदान नाही. १५ तारखेला आपण नगरसेवक निवडला, आता ते २२७ जण सभागृहात महापौर निवडणार

डी-१०२: ११४ लागतात. भाजप ८९ आणि शिंदे सेना २९, ११८ झाले की. नाव पक्ष ठरवणार, बाकी काही नाही

बी-७०४: आणि खुला म्हणजे फक्त ओपनवाल्या बाईलाच का?

डी-१०२: नाही हो, कुठल्याही प्रवर्गातली महिला उभी राहू शकते, ओबीसी वॉर्डातून आलेली पण चालते. फक्त निवडून आलेली नगरसेविका पाहिजे

ए-२०१: मुंबईला बाई महापौर नवीन नाहीच. १९५६ ला सुलोचना मोदी होत्या, नंतर विशाखा राऊत, शुभा राऊळ, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, आणि शेवटच्या किशोरीताई पेडणेकर

ई-६०१: बाई असू दे नाहीतर पुरुष, वरच्या मजल्यांवर पाणी चढेल का ते सांगा. आमच्याकडे सकाळी बादली भरत नाही

सी-५०३: काका तेच सांगायचं होतं मला, जरा लांब लिहितो पण वाचा. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो, शहराचा प्रथम नागरिक असतो, मान मोठा आहे, पण पाणी रस्ते कचरा हे सगळं प्रशासन आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. पैशाचे प्रस्ताव स्थायी समितीतून जातात, म्हणून पक्ष तिच्या अध्यक्षपदासाठी एवढे भांडतात. या वर्षीचं बजेट ७४,४२७ कोटींचं आहे आणि ते नगरसेवक नसतानाच ठरलं कारण मार्च २०२२ ला मुदत संपली तेव्हापासून प्रशासकच होता, जवळजवळ चार वर्षं आपल्या वॉर्डासाठी सभागृहात बोलणारं माणूसच नव्हतं. मला त्याचा खरंच राग आहे. आपण तक्रार टाकायची, नंबर मिळायचा, मग तक्रार बंद केल्याचा मेसेज यायचा आणि खड्डा तसाच, आणि पाठपुरावा करायला कोणाला धरायचं हेच कळायचं नाही. आता माणूस आहे, तर सगळी चर्चा महापौराच्या नावावर नको घालवायला

एफ-३०३: पटलं. पण मग महापौर थेट जनतेतून का नाही? गावाला नगराध्यक्ष आम्ही थेट निवडतो, आणि एवढ्या मोठ्या मुंबईत आपण नुसतं बघायचं?

ए-२०१: अधिकार न देता थेट निवडून काय करायचं. १९९८ ला मेयर इन कौन्सिल आणलं होतं, महापौराला आणि त्याच्या मंडळाला कारभाराचे अधिकार होते, १९९९ लाच गुंडाळलं. मी तेव्हा नोकरीत होतो, चांगलं आठवतंय

एफ-३०३: तेच म्हणतेय मी काका, अधिकार पण द्या आणि निवडू पण द्या. अडीच वर्षांनी परत सोडत, परत नवीन माणूस, त्याने काम सुरू कधी करायचं

डी-१०२: आरक्षण फिरलंच पाहिजे पण, नाहीतर काही समाजांना ती खुर्ची कधीच मिळणार नाही. मुदत पाच वर्षं करा, सोडत राहू द्या

एफ-३०३: हो, ते मान्य. सोडतीला माझा विरोध नाहीच, मुदतीला आहे

ई-६०१: पाण्याचं बोला रे कोणीतरी

सी-५०३: काका, आपल्या नगरसेविकेला पत्र देऊया. तीनच विषय: पाण्याचं प्रेशर, काँक्रीटसाठी खोदून ठेवलेला मागचा रस्ता आणि नाल्यावरची फुटकी जाळी. प्रभाग समितीच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी मांडावेत असं लिहू. जुन्या तक्रारींचे नंबर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी इथेच टाका

बी-७०४: माझ्याकडे जाळीचा आहे, फोटोपण आहे. त्या मतं मागायला आल्या तेव्हा दाखवला होता मी, जाळीचं करते म्हणाल्या होत्या

सी-५०३: मग ताई तुम्हीच या सोबत, तुम्हाला ओळखतील त्या

ई-६०१: मी पाण्याच्या वेळा लिहून ठेवल्यात, कोणत्या दिवशी किती वाजता बंद झालं ते सगळं. वही आणतो

ए-२०१: पत्र मराठीत टाईप करतो, सेक्रेटरींची सही आणि शिक्का लागेल. रविवारी ११ ला ऑफिसात या सगळे, ज्यांना जमत नाही त्यांनी सहीसाठी शनिवारी वॉचमनकडची प्रत बघा