ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातही शांत राहील असा गेमिंग व चित्रपटांसाठीचा संगणक: सुटे भाग कोणते निवडावेत?

लष्करवासी (प्रश्न)

नमस्कार. ग्वाल्हेरला लष्कर भागातील आमच्या जुन्या दगडी घरात, बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवण्यासाठी मला नवा संगणक जुळवून घ्यायचा आहे. टीव्ही ४के, १२० हर्ट्झचा असून त्याला रिसीव्हर आणि स्पीकर जोडलेले आहेत. रात्री जेवणे आटोपल्यावर कधी गेम, कधी चित्रपट, असा वापर राहील. सध्याचा संगणक गेम सुरू होताच इतका घोंघावतो की शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईबाबांची झोपमोड होते, आणि हळू आवाजातले संवाद तर मलाही ऐकू येत नाहीत.

माझ्या मनात राइजन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड, ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर आणि आतून फोम लावलेले बंद कॅबिनेट आहे. येथील एका दुकानदाराने त्यावर १००० वॉटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) सुचवला. माझी खरी चिंता उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, छताच्या दगडी पाट्या मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात, आणि बैठकीत एसी नसून वाळ्याचा कूलर आहे. अशा ठिकाणी शांत संगणक ही अपेक्षा मुळातच अवास्तव आहे का?

मंदगती

अवास्तव नाही, मात्र तुमची यादी थंड देशातील चाचण्या पाहून केलेली दिसते. कोणत्याही भागाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्या भागाने स्वतः निर्माण केलेली वाढ. जानेवारीतल्या रात्री खोली २० अंशांवर असेल आणि मे महिन्यात ३७ वर, तर तेच कार्ड त्याच पंख्याच्या गतीवर साधारण तेवढेच अंश अधिक तापेल, आणि पंखे ती तूट गती वाढवून भरून काढू पाहतील. म्हणून निवड मे महिन्यासाठी करावी. हिवाळ्यात तोच संगणक चालू आहे की बंद, हे पाहण्यासाठी दिव्याकडे नजर टाकावी लागेल.

पंख्याची गती निम्मी केली की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलची घट कानाला जवळपास निम्म्या आवाजासारखी वाटते. याउलट तसाच आणखी एक पंखा त्याच गतीने लावला तर भर पडते ती फक्त ३ डेसिबलची. तेव्हा पंखे मोठे आणि अधिक घ्यावेत व संथ फिरवावेत. फ्रॅक्टल डिझाइनच्या टॉरेंट कॅबिनेटला समोर १८० मिमीचे दोन पंखे असतात, ते याच हिशेबाने.

बंद कॅबिनेटचा विचार मी सोडून देईन. फोम पंख्यांची किंवा कार्डातल्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) तीक्ष्ण शीळ थोडी मवाळ करतो, पण खालच्या पट्टीतली घरघर त्याला फारशी अडवता येत नाही, आणि हवेची वाट आवळल्यामुळे आतले पंखे अधिक जोराने फिरू लागतात. ज्या संगणकात एकटे कार्ड ३६० वॉट ओढणार आहे, त्याला आपल्या हवामानात समोर जाळीच हवी. जाळीमागे धुता येणारा फिल्टर असावा, आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी, म्हणजे लूबरोबर येणारी धूळ फटींतून आत ओढली जात नाही.

आता कार्ड, कारण या संगणकातला आवाज मुख्यतः तिथूनच येणार आहे. आरटीएक्स ५०७० टीआयलाही १६ जीबीच मेमरी आहे आणि त्याची मर्यादा ३०० वॉटची आहे. वाचलेले ६० वॉट म्हणजे खोलीत न सोडलेली तेवढी उष्णता, आणि ३७ अंशांच्या खोलीत ती तुम्हालाही जाणवेल. ५०८०च हवे असेल तर तीन पंख्यांचे आणि सर्वांत जाड हीटसिंकचे (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पात्यांचे) मॉडेल घ्या, आणि पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा, ८० टक्क्यांच्या आसपास आणा. वेगात होणारी घट अगदी किरकोळ असते. शिवाय टीव्ही १२० हर्ट्झचा असताना त्यापलीकडच्या फ्रेम दिसणारच नाहीत, तेव्हा फ्रेमची मर्यादा ११६ला बांधून टाका. काही गेमच्या साध्या मेनूमध्ये कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसते आणि तेव्हाच कॉइलची बारीक किणकिण सुरू होते. मर्यादा घातली की ती बहुधा विरते.

पाणीदार

कॅबिनेट आणि कार्डाबाबत सहमत आहे. मात्र लिक्विड कूलरची बाजू मांडायलाच हवी. प्रोसेसरवर क्षणभर भार आला की साध्या हीटसिंकचा पंखा लगेच उसळतो आणि पुन्हा खाली येतो. कानाला संथ घरघरीपेक्षा हा चढउतार अधिक खुपतो. लिक्विड कूलरमधले पाणी तापायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे पंख्यांची गती पाण्याच्या तापमानाला बांधली तर ती सावकाश बदलते. वरच्या बाजूला बसवलेला रेडिएटर प्रोसेसरची उष्णता थेट बाहेरही टाकतो.

मंदगती

मुद्दा रास्त आहे, परंतु बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंगमध्ये) पंख्याने किती सेकंद थांबून गती बदलावी हे ठरवता येते, आणि तेवढ्याने ती उसळी शमते. पंप मात्र संगणक सुरू असेपर्यंत फिरतच राहतो, आणि मध्यरात्री शांत चित्रपट पाहताना त्याचा एकसुरी गुणगुणाट लपायला जागा मिळत नाही. ९८००एक्स३डीचा टीडीपी (निर्मात्याने सांगितलेला उष्णतेचा आकडा) १२० वॉटचा असला तरी गेममध्ये तो सहसा त्याहून बराच कमी वापरतो. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ जी२सारखा दुहेरी हीटसिंक त्याला पुरून उरतो. फक्त त्याची उंची १६८ मिमी आहे, तेव्हा कॅबिनेटमध्ये तेवढी जागा असल्याची खात्री करून घ्या. दिवसभर व्हिडिओ एन्कोड करायचे असते तर मीही लिक्विडकडे वळलो असतो.

ध्वनिवेडा

चित्रपटांच्या अंगाने थोडी भर घालतो. चित्रपट पाहताना कार्डावर इतका कमी भार असतो की आजच्या बहुतेक कार्डांचे पंखे पूर्ण थांबतात. एव्ही१ या प्रकारात दाबून साठवलेली चित्रफीत उलगडण्याचे काम कार्डातला स्वतंत्र भाग सहज करतो. मग ऐकू येते ती हार्ड डिस्क. ७२०० आरपीएमच्या डिस्कचे कंपन कॅबिनेटमधून टेबलात आणि टेबलातून खोलीत उतरते. तेव्हा संगणकात फक्त एसएसडी ठेवा आणि चित्रपटांचा साठा नेटवर्कवरून, दुसऱ्या खोलीतल्या डिस्कवर ठेवा.

संपूर्ण संगणकच भिंतीपलीकडे हलवण्याचा पर्यायही तुमच्या घरात आहे. ४के १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ लागते, आणि साधी तांब्याची केबल त्या वेगाला काही मीटरपर्यंतच भरवशाची असते. लांब अंतरासाठी ऑप्टिकल केबल घ्यावी. तिला दिशा असते, म्हणजे एक टोक संगणकाचे आणि दुसरे टीव्हीचे किंवा रिसीव्हरचे, हे भिंतीतून ओवण्याआधीच पाहून घ्या.

यूपीएसकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. स्वस्त यूपीएसची पायऱ्यांसारखी लहर काही ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणाऱ्या) एसएमपीएसना मानवत नाही आणि वीज जाताच संगणक बंद पडतो; प्युअर साइन वेव्हचाच घ्या. काहींचा पंखा अखंड फिरतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी दुकानात तो चालू करून ऐका. १००० वॉटच्या एसएमपीएसची गरज नाही: एनव्हिडिया ५०८०साठी ८५० वॉट सुचवते आणि ५०७० टीआयसाठी ७५०.

लष्करवासी

सर्वांचे मनापासून आभार. जाळीचे कॅबिनेट, ५०७० टीआय, साधा हीटसिंक आणि ८५० वॉटचा एसएमपीएस असे ठरवले आहे. कार्डाची मॉडेले पाहायला दिल्लीला नेहरू प्लेसला जाऊन येईन. भिंत पाडापाडीला घरून परवानगी मिळणे कठीण आहे, त्यामुळे संगणक बैठकीतच राहील. एकच शंका उरली: वाळ्याच्या कूलरची दमट हवा संगणकाला बाधेल का?

मंदगती

नुसती दमट हवा बाधत नाही, कारण आतले भाग त्या हवेपेक्षा उष्ण असतात आणि त्यांच्यावर दव धरत नाही. उलट कूलरने खोली काही अंशांनी उतरली तर संगणकाचेच भले होते. अपाय होतो तो हवेबरोबर उडणाऱ्या तुषारांचा, विशेषतः पाणी जड असेल तर. ते वाळल्यावर मागे क्षार राहतात. कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका, एवढी काळजी पुरेशी आहे.

एक गोष्ट मात्र जोडणी झाल्याबरोबर करा. मदरबोर्ड कॅबिनेटचे पंखे सहसा प्रोसेसरच्या तापमानावर चालवतो, तर तुमच्याकडे उष्णता कार्डातून येणार आहे. फॅन कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन समोरचे पंखे कार्डाच्या तापमानाला जोडा, आणि त्यांची कमाल गती मे महिन्यातल्या एखाद्या रात्री, वाळ्याचा कूलर बंद ठेवून, कानाने ठरवा.