मदत हवी आहे: आकाशाच्या फोटोंसाठी मॉडिफाइड (आतला फिल्टर काढलेला) डीएसएलआर, कूल्ड कलर कॅमेरा की मोनो (कृष्णधवल)?

नमस्कार मंडळी. ४०० मिमी फोकल लेंथचा ८० मिमी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), ताऱ्यांमागे फिरणारा एचईक्यू५ माउंट, गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणं) सुरळीत. आकाश वांगणीचं, लक्ष्य मुख्यतः तेजोमेघ. सध्या कॅनन ६००डी, फिल्टर न काढलेला. त्याचा आतला फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा (तेजोमेघांचा लाल प्रकाश) बराचसा अडवतो, त्यामुळे रोझेट तेजोमेघ फिकट येतो. शिवाय रात्रीही हवा २५ अंशांच्या आसपास असली की सेन्सर तापत जातो आणि रात्री दहाच्या डार्क फ्रेम्स (सेन्सरची खरखर वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेले फोटो) दोनच्या फोटोंना जुळत नाहीत.

फिल्टर काढून घेणं सगळ्यात स्वस्त, पण उष्णतेचा प्रश्न तसाच राहतो. एएसआय५३३एमसी प्रो हा कूल्ड कलर कॅमेरा उणे ५ अंशांवर स्थिर ठेवता येईल, डार्क्स एकदाच काढून पुन्हा वापरता येतील, अँप ग्लोही (सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे फोटोच्या कडेला येणारी चमक) नाही. मात्र ११.३ मिमीचा चौकोनी सेन्सर या दुर्बिणीवर आकाशाचे जेमतेम १.६ अंश दाखवतो: रोझेट मावतो, देवयानी दीर्घिका नाही. ६००डीच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर लांब बाजूने ३.२ अंश मिळतात.

मोनो घेतला तर फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारं चाक) आणि फिल्टर्सचा खर्च वेगळा. पावसाळा वगळता मोजक्याच अमावास्या हाती लागतात, त्यात सगळे चॅनल (प्रत्येक फिल्टरमधून वेगळे घ्यायचे फोटो) पुरे होतात का?

कोकणच्या दमट हवेत कूल्ड कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरतं का? कूलिंगसह रात्रभर १२ व्होल्टची किती अँपिअर-अवरची बॅटरी पुरते? वापरणाऱ्यांनी आकडे द्यावेत.